घरची कुल्फी, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी: आमच्या बेळगावच्या स्वयंपाकघरातून

लग्नानंतर शहापूरला आले त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा कुल्फी केली. साच्यातून काढली तर तिच्यावर चमचा वाजत होता, इतकी ती बर्फ झाली होती. दुसऱ्या वेळी मी साखर वाढवली, तर दोन रात्री फ्रीजरमध्ये ठेवूनही ती बसलीच नाही. तिसऱ्या वेळी दूध अगदी खव्याच्या जवळ नेऊन आटवलं. आठ दिवसांनी ती जिभेवर वाळूसारखी लागायला लागली. तिन्ही वेळा दूध उत्तम होतं, माहेरच्या गोठ्यातलं, खानापूरकडच्या म्हशीचं. ते असं वाया गेल्यासारखं झालं याचं मला फार वाईट वाटलं. नंतर जे समजत गेलं ते इथे क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमचं दूध पहिल्याच वेळी कारणी लागेल.

आपल्या भागात दुधाचे पदार्थ हातात बसलेले असतात. कुंद्याचं, म्हणजे दूध तांबूस होईपर्यंत आटवून केलेल्या दाणेदार मिठाईचं गाव आपलं, सणाला बासुंदी घरोघरी होते. त्यामुळे कुल्फी म्हणजे बासुंदी फ्रीजरमध्ये ठेवायची, एवढंच काय ते, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण बासुंदी थोडी पातळ राहिली तरी गोडच लागते. कुल्फीत जे पाणी राहतं त्याचा बर्फ होतो. आइस्क्रीम गोठताना सतत घोटतात, त्यात हवा भरते, म्हणून ते हलकं राहतं. कुल्फी घोटत नाहीत, ती साच्यात गुपचूप बसते. तिला मऊ ठेवणाऱ्या गोष्टी दोनच: आटवून कमी केलेलं पाणी आणि उरलेल्या पाण्याला पुरता बर्फ होऊ न देणारी साखर. म्हणून या लेखात मी दोन वजनं पुन्हा पुन्हा सांगणार आहे. २ लिटर म्हशीचं दूध आटून ९०० ग्रॅम राहिलं पाहिजे, आणि त्यात साखर १२० ग्रॅम पडली पाहिजे. बाकी सगळं तुमच्या आवडीचं.

## १. आधी सामान जमवा

एवढ्यात ६० मिलीच्या साधारण १५ कुल्फ्या होतात.

- म्हशीचं ताजं दूध २ लिटर
- साखर १२० ग्रॅम
- वेलदोडे ६-७, केशराच्या १५-२० काड्या, चिमटीभर मीठ
- पिस्ते आणि काजू मिळून ४० ग्रॅम, जाडसर कुटून
- जाड बुडाची रुंद कढई, किमान ४ लिटरची
- लाकडी किंवा सपाट धारेचं स्टीलचं उलथणं
- ५ किलोपर्यंत मोजणारा वजनकाटा
- झाकणाचे साचे, हवे असतील तर बांबूच्या काड्या

कढई रुंदच हवी. उभ्या पातेल्यात वाफ निघायला तोंड लहान पडतं, दीड तासाचं काम अडीच तासांवर जातं आणि तेवढ्या वेळात दूध बुडाला लागतं. साचे ॲल्युमिनियमचे घ्या, निमुळते, फिरकीच्या झाकणाचे. गणपत गल्लीच्या आसपास भांड्यांच्या दुकानांत विचारा. सिलिकॉनचे, प्लॅस्टिकचे साचे दिसायला छान असतात, पण धातूतून थंडी लवकर आत जाते आणि कुल्फी जितकी लवकर गोठेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात. साचेच नसतील तर स्टीलची फुलपात्रं चालतात, वरून फॉइल घट्ट बांधा.

सुका मेवा मी रविवार पेठेतून एकदम आणते. खारवलेले पिस्ते चुकून उचलू नका. आणल्यावर एक दाणा खाऊन बघा, खवट वास असेल तर परत करा. खवटपणा गारठ्यात लपत नाही.

वजनकाट्याला पर्याय पुढे सांगते, पण खरं सांगू? एखादा साचा कमी घ्या आणि काटा घ्या.

## २. दूध कसं निवडायचं

म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ८ टक्के असतो, गायीच्या दुधात साडेतीन ते साडेचार. कुल्फीचा लोण्यासारखा गुळगुळीतपणा त्याच्यातच आहे. गवळ्याकडून घेणार असाल तर सकाळच्या धारेचं घ्या आणि ते त्याच सकाळी चुलीवर चढवा. आदल्या संध्याकाळचं दूध चहाला चालतं, पण आटवताना पाणी उडतं तसा त्यातला आंबटपणाही दाट होत जातो, आणि दीड तास ढवळून झाल्यावर डोळ्यांदेखत ते फुटतं. शंका असेल तर वाटीभर दूध आधी वेगळं उकळून बघा. तिथेच कण दिसले तर त्या दिवशी पनीर करा, कुल्फी दुसऱ्या दिवशी.

पाकिटाचं दूध घेणार असाल तर पाकिटावर फुल क्रीम, ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लिहिलेलं बघून घ्या. नंदिनी, गोकुळ, जे तुमच्या गल्लीत ताजं मिळतं ते. टोन्ड, म्हणजे स्निग्धांश कमी केलेल्या दुधाची कुल्फी करू नका. ते दूध वाईट असतं असं नाही, ते या कामाचं नाही. घरात गायीचंच दूध येत असेल तर २ लिटरचं ७५० ग्रॅम होईपर्यंत आटवा आणि साखर १०० ग्रॅम घाला. कुल्फ्या दोन-तीन कमी होतील, रंग पिवळसर छान येतो.

खवा घालून काम लवकर उरकायचं असेल तर खवा ओळखीच्या ठिकाणचाच घ्या. सणासुदीला पिठाची भेसळ होते. चमचाभर खवा पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-जांभळा रंग आला तर त्यात पीठ आहे. गार करायला विसरू नका, गरम पाण्यात हा रंग दिसत नाही. हीच परीक्षा दुधालाही लागू आहे.

## ३. दूध आटवा, पण वजनाने

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला लागतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

गॅस पेटवण्याआधी रिकामी कढई उलथण्यासकट काट्यावर ठेवा आणि आकडा कागदावर लिहा. माझी कढई उलथणं धरून १४५० ग्रॅम भरते, तो आकडा मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय. म्हणजे मला काट्यावर १४५० अधिक ९००, म्हणजे २३५० दिसले की थांबायचं.

का एवढा खटाटोप? कारण सगळे सांगतात "दूध निम्मं करा", आणि निम्म्यावर कुल्फी बर्फच होते. शिवाय डोळ्याला निम्मं कळतही नाही. कढई खाली निमुळती, दूध उकळून वर आलेलं, कडेला सायीचे थर. मला निम्मं वाटायचं तेव्हा प्रत्यक्षात ते दोन तृतीयांश असायचं.

कढईत आधी अर्धी वाटी पाणी फिरवून ओतून टाका, म्हणजे दूध बुडाला पटकन धरत नाही. दूध घालून मोठ्या आचेवर उकळी येऊ द्या. उकळी येईपर्यंत कढई सोडून जाऊ नका. उकळी आली की आच मध्यम करा, इतकी की दूध सतत फुदकत राहील पण वर चढणार नाही. अगदी मंद आच ठेवली तर रंग उगाच तांबूस होतो आणि कुल्फीला कुंद्याची चव यायला लागते. ती हवी असेल तर वेगळी गोष्ट, तिच्याबद्दल पुढे.

दर दोन-तीन मिनिटांनी बुडापासून ढवळा. उलथण्याची धार बुडावर सरकली पाहिजे, नुसतं दुधात फिरवून उपयोग नाही. कडेला जी साय चिकटते ती खरवडून परत दुधात ढकला. कुल्फी खाताना मध्येच जे मऊ तुकडे दाताखाली येतात ते हेच. पहिली ४० मिनिटं काम निवांत असतं. शेवटच्या २० मिनिटांत दूध दाटतं, फुटणारे बुडबुडे जड होतात आणि हात थांबला की बूड लागतं. तेव्हा फोन आला तरी उचलू नका.

दूध लागलं तर: करपल्याचा वास आला की ढवळणं ताबडतोब बंद करा. खरवडू नका. वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि चाखून बघा. चव स्वच्छ असेल तर पुढचं काम त्या भांड्यात करा. करपट लागत असेल तर वेलदोडा, जायफळ, केशर, कशानेही ते झाकलं जाणार नाही.

तासाभराने पहिलं वजन करा. काट्यावर गरम कढई थेट ठेवू नका. पोळपाट ठेवा, काटा शून्यावर आणा, मग कढई. माझ्या गॅसवर २ लिटरला सव्वा ते दीड तास लागतो.

काटा नसेल तर रिकाम्या गार कढईत मापाने सव्वाआठशे मिली पाणी ओता, त्यात लाकडी काडी उभी धरा आणि पाण्याच्या रेषेवर सुरीने खूण करा. ९०० ग्रॅम आटीव दूध साधारण तेवढंच भरतं. मोजताना गॅस बंद करून फेस खाली बसू द्या, कढई सपाट जागी ठेवा, मग काडी बुडवा.

९०० च्या खूप खालीही जाऊ नका. माझी तिसरी कुल्फी वाळूसारखी का झाली ते मला बऱ्याच उशिरा समजलं. दुधाची स्वतःची एक साखर असते, लॅक्टोज. ती पाण्यात फारशी विरघळत नाही. पाणी फारच कमी राहिलं की थंडीत तिचे खडे बनतात आणि दिवसागणिक मोठे होतात. तेव्हा जास्त आटवलं म्हणजे जास्त चांगलं, असा हिशेब नाही.

## ४. साखर

साखर आटवून झाल्यावरच घाला. आधी घातली तर बूड लवकर लागतं. १२० ग्रॅम साखर आणि चिमटीभर मीठ घातल्यावर दूध एकदम पातळ दिसायला लागेल. घाबरू नका, साखर विरघळली की तसं होतंच. आणखी पाच मिनिटं उकळा आणि गॅस बंद करा.

आता चाखाल तर जरा जास्तच गोड लागेल. तसंच हवं. गारठलेल्या जिभेला गोडी कमी जाणवते. आत्ता बरोबर लागतंय म्हणून साखर कमी केली तर उद्या कुल्फी फिकी लागेल आणि दगडही होईल. उलट बाजूला १५० ग्रॅमच्या पुढे गेलात तर साध्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ती नीट बसणार नाही.

मधुमेह असलेल्या माणसांसाठी बिनसाखरेची करून बघा असं मला पुष्कळ जण सांगतात. साखरेऐवजी घालायच्या गोळ्यांची गोडी येते, पण साखर पाण्याला जे करते ते त्या गोळ्या करत नाहीत, आणि दुधातली साखर आटून आणखी दाट झालेली असतेच. आमच्या सासूबाईंना मी साधीच कुल्फी देते, अर्धी, त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

ब्रेडचा चुरा, कॉर्नफ्लोअर, दूध पावडर घालायची का? दूध पावडर दोन चमचे चालेल. कॉर्नफ्लोअर लिटरला एक चमचा घातलं तर पाणी धरून ठेवतं, पण ते गार दुधात कालवून घालावं लागतं आणि पुरतं शिजावं लागतं, नाहीतर पिठूळ चव राहते. ब्रेड मला अजिबात पसंत नाही. नवख्यांनी पहिली कुल्फी नुसत्या दुधाचीच करावी असा माझा आग्रह आहे. दुधाची खरी चव एकदा जिभेवर बसली की पुढे काय घालायचं ते तुमचं तुम्हाला कळतं.

## ५. स्वाद

साधी मलई कुल्फी करायची तर गॅस बंद केल्यावर वेलदोड्याची पूड, कोमट दुधात भिजवलेलं केशर आणि कुटलेला मेवा घाला. बारीक पूड करू नका, जाडसरच ठेवा.

कुंदा कुल्फी. ही आपल्या गावची. दूध ९०० ग्रॅमवर आलं की साखर १२० ऐवजी ७५ ग्रॅमच घाला, कारण कुंद्यात साखर असते. मिश्रण पूर्ण गार झाल्यावर १२० ग्रॅम कुंदा हाताने मोकळा करून मिसळा. गरम असताना घातला तर तो विरघळून जातो आणि दाणे हरवतात. वेलदोडा कमी घाला, केशर नकोच, भाजल्या दुधाची चव पुढे येऊ दे. पुण्याच्या पाहुण्यांना मी दरवेळी हीच करून घालते.

आंबा. आंब्याचा रस कच्चाच घातला तर दोन गोष्टी होतात. रसातलं पाणी बर्फ होतं, आणि दूध गरम असेल तर आंबटपणाने ते फुटतं. म्हणून २५० ग्रॅम हापूसचा रस वेगळ्या कढईत १५० ग्रॅमवर आटवा, फ्रिजमध्ये गार करा आणि गार दुधातच घाला. साखर २० ग्रॅम कमी. फणसाचा गर वापरणार असाल तर रीत हीच. कापा फणस घेऊ नका, त्याचे तुकडे गोठून चिवट होतात. बरक्याचा गाळलेला गर चांगला.

गूळ. गुळाची चव फार सुंदर येते, पण उकळत्या दुधात गूळ घातला की ते नासण्याची भीती असते. १३० ग्रॅम गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळा आणि गार करा. दूधही गार झालं की मग दोन्ही एकत्र करा. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही.

गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याची मिठाई घालू का, असं माझ्या नणंदेने विचारलं होतं. आम्ही घालून बघितला. डिंक आणि गूळ गोठून इतका कडक होतो की दात दुखावेल. वाढताना वरून चुरून घाला, तो मात्र छान लागतो.

## ६. गार करणे

कढईतलं मिश्रण दुसऱ्या भांड्यात काढा आणि ते भांडं परातीतल्या गार पाण्यात ठेवा. अधूनमधून ढवळा, म्हणजे वर साय धरणार नाही. पाणी कोमट झालं की बदला. आटीव दूध उन्हाळ्यात ओट्यावर चार-पाच तास तसंच राहिलं तर खराब होऊ शकतं. तासा-दीड तासात ते गार करून झाकून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा.

आणि तिथे रात्रभर राहू द्या. मीही आधी ही पायरी गाळायचे. पण एका रात्रीत मिश्रण आणखी दाटतं, केशराचा रंग उतरतो, आणि आधीच गार असलेलं मिश्रण साच्यात लवकर गोठतं.

## ७. साचे भरणे

सकाळी मिश्रण एकदा ढवळून घ्या, मेवा खाली बसलेला असतो. साचे धुऊन पूर्ण कोरडे करा. काठोकाठ भरू नका, बोटभर नाही तरी अर्धं पेर जागा सोडा. गोठताना मिश्रण फुगतं आणि झाकण उचललं जातं. भरल्यावर साचा ओट्यावर दोनदा आपटा, मधली हवा निघते.

झाकण घट्ट लावा. कुल्फी हा शब्द फारसीतून आला आणि त्याचं नातं कुलुपाशी आहे. बंद झाकणाचं भांडं, तीच कुल्फी. झाकण सैल राहिलं तर वर बर्फाची भुकटी जमते आणि फ्रीजरमधल्या मासळीचा वास लागतो.

काडी लावायची असेल तर साचे भरून तास-दीड तासाने, मिश्रण अर्धवट घट्ट झाल्यावर लावा. आधी लावली तर ती आडवी पडते.

## ८. फ्रीजरमध्ये

आदल्या रात्रीच फ्रीजरचं बटण जास्तीत जास्त थंडीवर करा. कप्प्यात बर्फाचा जाड थर साचला असेल तर तो आधी काढून टाका, तो थंडी अडवतो. स्टीलचं ताट फ्रीजरच्या बुडाला टेकवून ठेवा आणि त्यावर साचे, एकमेकांना न चिकटवता. दोन दारांच्या फ्रिजमध्ये, जिथे उणे १८ अंश मिळतात, तिथे ६ ते ८ तास पुरतात. एका दाराच्या फ्रिजमध्ये पूर्ण रात्र द्या. दर तासाला दार उघडून बघू नका. बघून ती लवकर बसत नाही, उलट लांबते.

## ९. लाईट गेली तर: बर्फ आणि खडे मीठ

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो आणि लाईट जाते. नेमके तेच दिवस कुल्फीचे.

बेळगावची शिवजयंती वैशाखात असते आणि चित्ररथांच्या मिरवणुकीला आमच्याकडे पाहुणे येतात. एका वर्षी मी दोन दिवस खपून कुल्फी केली होती. दुपारी तीनला ढग दाटून आले आणि लाईट गेली. साचे जेमतेम अर्धवट बसलेले. शेजारच्या अक्कांच्या सासऱ्यांचा एके काळी मटका कुल्फीचा गाडा होता. अक्कांनी माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय करालीस गं अशी बसून? बर्फ आणायला पोरांना धाड की!" तासाभरात त्यांनी स्वतः उभं राहून सगळं करून घेतलं. मी मीठ हात आखडून घालत होते, तर म्हणाल्या, "इन्नू उप्पु हाकु." अजून मीठ घाल. ते वाक्य मी विसरलेले नाही, कारण या पद्धतीत लोक चुकतात ते तिथेच.

मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो, आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. घरी तेवढं होत नाही, पण नुसत्या बर्फाने शून्याच्या खाली जाताच येत नाही आणि शून्यावर कुल्फी बसत नाही. वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ लागतं. १५ साच्यांना ५ किलो बर्फ आणि दीड किलोहून थोडं जास्त खडे मीठ. बारीक मीठ लगेच विरघळून खाली जातं, खडेच घ्या.

असं करा:

1. मोठं मातीचं मडकं किंवा जाड प्लॅस्टिकची बादली घ्या. तांब्या-पितळेची घागर नको, मीठ तिला खातं. बाहेरून गोणपाट गुंडाळा.
2. बर्फ कापडात बांधून बत्त्याने फोडा, सुपारीएवढे तुकडे.
3. साच्यांची झाकणं लावून सांध्यावर मळलेल्या कणकेची वळकटी दाबून बसवा. गाडीवाले हेच करतात. यात आळस केलात तर खारं पाणी आत शिरतं आणि कुल्फी गेलीच.
4. बर्फाचा थर, मिठाचा थर, साचे उभे, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. साचे मानेपर्यंत बुडाले पाहिजेत.
5. वरून गोणपाट टाका. दर दहा मिनिटांनी बादली दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी फिरवा. खाली पाणी फार साचलं तर थोडं ओतून बर्फ-मीठ वाढवा.
6. गार मिश्रण असेल तर तास ते दीड तासात कुल्फी बसते.

खाऱ्या बर्फात उघडा हात घालू नका. तो साध्या बर्फापेक्षा फार थंड असतो, कातडी चटका बसल्यासारखी होते. मुलांना तर जवळ येऊच देऊ नका. कारखान्यातून आणलेल्या लादीचा बर्फ बहुतेक वेळा खाण्यासाठी नसतो. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम आहे. तो बाहेरून थंडी द्यायला चालतो, पण त्याचा खडा कुणी तोंडात टाकू नये, आणि कुल्फी काढण्यापूर्वी साचा बाहेरून पिण्याच्या पाण्याने धुऊन पुसा, मगच झाकण उघडा. काम झाल्यावर ते खारं पाणी तुळशीत किंवा परसातल्या झाडांना ओतू नका. साचे लगेच गोड्या पाण्याने धुवा, ॲल्युमिनियमवर मिठाने खड्डे पडतात.

त्या रात्री मिरवणूक आमच्या वाटेवर येईपर्यंत अकरा वाजून गेले. लाईट तेव्हाच आली होती. कुल्फी मात्र आम्ही गच्चीवर बादलीतूनच काढून खाल्ली. फ्रीजरमधल्या कुल्फीपेक्षा ती मऊ होती, कारण भोवतीच्या बर्फ-मिठाने ती भराभर गोठली होती. आता लाईट असली तरी मी वर्षातून एकदा तरी अशीच करते आणि पहिला साचा अक्कांकडे पाठवते.

## १०. काढणे आणि ठेवणे

साचा दोन्ही तळव्यांत धरून अर्धा मिनिट फिरवा, किंवा साध्या पाण्यात पाच-सात सेकंद बुडवा. गरम पाणी नको, बाहेरचा थर वितळतो आणि आतला तसाच राहतो. झाकण काढा, सुरीचं टोक कडेने फिरवा, साचा ताटलीवर उलटा करा. दोन-तीन मिनिटं थांबून मग खा. फ्रीजरमधून काढल्या काढल्या चव कळत नाही.

१५ दिवसांच्या आत संपवा. त्यानंतर बिघडते असं नाही, पण बर्फाचे कण मोठे होतात. पूर्ण वितळलेली कुल्फी पुन्हा गोठवू नका, चवीसाठीही नको आणि पोटासाठीही नको. ती लहान मुलांना दुधात घालून त्याच दिवशी द्या.

साचे रिकामे झाले की कोमट पाण्यात थोडं शिकेकाईचं किंवा भांड्याचं पावडर घालून बाटलीच्या ब्रशने टोकापर्यंत घासा. निमुळत्या टोकात दूध अडकून राहतं. धुतल्यावर झाकणं न लावता उन्हात उपडे घाला.